प्रोपेलर शाफ्ट : वेगवान मोटारीसाठी बदली शाफ्टची निवड

इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशी रचना असलेल्या मोटारीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जाणारी फिरती नळी म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांतले दोन आखूड ड्राइव्ह शाफ्ट वेगळे. त्यांचा विचार या नोंदीत केलेला नाही. इंजिनाची शक्ती वाढवली, डिफरन्शियलचे गुणोत्तर बदलले किंवा गाडी शर्यतीत उतरवायची ठरवली, की कारखान्यातून आलेला शाफ्ट पुरेल का, हा प्रश्न निघतो. बाजारात पोलाद, ॲल्युमिनियम आणि कार्बन फायबर या तिन्हींचे शाफ्ट मिळतात. जाहिरातींत भर असतो तो कमी वजनावर. प्रत्यक्षात पहिली चौकशी करायची ती शाफ्टला मिनिटाला किती फेरे घ्यावे लागणार आहेत याची.

फोर्ड मस्टँगच्या 2015 ते 2023 या पिढीतली जीटी मोटार याचे चांगले उदाहरण आहे. तिच्यात 5 लिटरचे व्ही-8 इंजिन असून कारखान्याचा शाफ्ट पोलादी, दोन तुकड्यांचा आणि मध्ये रबरात बसवलेल्या बेअरिंगवर टेकलेला असतो. बदली म्हणून सर्रास घेतला जातो तो ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट. तो बसवला की वजन बरेच उतरते, मधले बेअरिंग जाते आणि एक जॉइंट कमी होतो. एवढे सोपे आणि फायद्याचे होते, तर फोर्डने मुळात दोन तुकडे का केले?

उत्तर क्रांतिक वेगात आहे. कोणत्याही लांब नळीला वाकण्याची स्वतःची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. फेऱ्यांची संख्या तिच्याशी जुळली, की दोरीवरच्या उड्या मारताना दोरी फुगते तशी नळी मधोमध बाहेर फेकली जाते आणि काही क्षणांत वाकते किंवा तुटते. क्रांतिक वेग लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे लांबी निम्मी केली की तो चौपट होतो. दीड मीटर लांब, 76 मिमी व्यासाच्या आणि सुमारे 2 मिमी जाडीच्या पोलादी नळीचा क्रांतिक वेग गणिताने मिनिटाला सुमारे 5,600 फेरे येतो. तीच लांबी दोन समान तुकड्यांत विभागून मध्ये भक्कम आधार दिला, तर प्रत्येक तुकड्याचा क्रांतिक वेग 22,000 च्या वर जातो. फोर्डच्या दोन तुकड्यांमागे हे गणित आहे. मधल्या रबरामुळे गिअरचा आवाज केबिनमध्ये कमी येतो, हा दुसरा फायदा.

आता गाडीची गरज पाहू. मागच्या चाकाचा परीघ 2.2 मी. आणि डिफरन्शियलचे गुणोत्तर 3.73 धरले, तर ताशी 250 किमी वेगाला शाफ्ट मिनिटाला सुमारे 7,000 फेरे घेतो. गुणोत्तर 4.10 केले तर त्याच वेगाला 7,700 च्या पुढे. गुणोत्तर वाढवून गाडी चपळ करणारे पुष्कळ असतात, पण त्या एका बदलाने शाफ्टचे फेरेही दहा टक्क्यांनी वाढतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. शाफ्ट क्रांतिक वेगाच्या साधारण 75 टक्क्यांपलीकडे चालवू नये, असा या धंद्यातला शिरस्ता आहे. म्हणून गाडीचा खरोखर गाठला जाणारा कमाल वेग आधी ठरवावा, त्यावरून फेरे काढावेत आणि मगच नळी निवडावी.

ॲल्युमिनियम हलके म्हणून त्याचा क्रांतिक वेग आपोआप जास्त, हा रूढ गैरसमज येथे दूर करायला हवा. क्रांतिक वेग धातूच्या ताठपणावर आणि घनतेवर, नेमके सांगायचे तर त्यांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळावर, अवलंबून असतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचे आणि जवळजवळ तितकेच कमी ताठ. त्यामुळे लांबी आणि व्यास सारखे असतील तर दोघांचा क्रांतिक वेग जवळपास सारखाच येतो. ॲल्युमिनियमचा खरा लाभ असा, की वजन न वाढवता व्यास वाढवता येतो. दीड मीटर लांबीला 89 मिमी व्यासाची, 3 मिमीहून थोडी जाड ॲल्युमिनियमची नळी सुमारे 6,400 फेऱ्यांपर्यंत जाते आणि 102 मिमीची सुमारे 7,400 पर्यंत. त्याचे 75 टक्के मात्र 5,500 होतात. एवढ्या लांबीचा ॲल्युमिनियमचा एकसंध शाफ्ट पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीला उत्तम आहे. ताशी 250 किमीने लांब धावपट्टीवर तो चालवणे धोक्याचे आहे. गाडीखाली जागा किती आहे हेही मोजावे लागते, कारण 102 मिमीची नळी एक्झॉस्टला किंवा गाडीच्या तळातल्या बोगद्याच्या पत्र्याला घासू शकते.

कार्बन फायबरची महती याच हिशेबात कळते. तंतूंची मांडणी लांबीच्या दिशेला अनुकूल ठेवली, तर त्याच मापाच्या धातूच्या नळीपेक्षा क्रांतिक वेग सुमारे दीडपट मिळू शकतो. फोर्डने 2013 च्या शेल्बी जीटी500 मध्ये, म्हणजे 662 अश्वशक्तीच्या आणि ताशी 320 किमीहून अधिक वेगासाठी घडवलेल्या मोटारीत, एकसंध कार्बन शाफ्ट कारखान्यातूनच दिला. त्या गाडीचे गुणोत्तर 3.31 होते, तरीही त्या वेगाला शाफ्टचे फेरे 8,000 च्या आसपास जातात. कार्बनचा नाजूक भाग म्हणजे नळी आणि धातूचे टोक यांच्यातला चिकट सांधा. एक्झॉस्टची उष्णता आणि खालून उडणारे खडे यांपासून असा शाफ्ट जपावा लागतो.

वजन घटल्याने चाकांवरची शक्ती वाढते, हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे. शाफ्ट जोरात फिरतो खरा, पण त्याचे वस्तुमान अक्षापासून जेमतेम 4 सेंमीवर असते. 9 किलो वजन उतरले तर फिरण्याच्या जडत्वातून आणखी साधारण 2 किलोंचा लाभ धरता येतो, एकूण 11 किलो. सुमारे 1,680 किलोंच्या मस्टँगमध्ये हा फरक एक टक्काही नाही. त्यासाठीच पैसे मोजायचे असतील तर हलकी चाके आणि टायर यांचा लाभ याहून मोठा आहे.

ताकदीचा अंदाज टॉर्कवरून बांधतात. 2015 च्या जीटीचा टॉर्क 542 न्यूटन-मीटर आणि मॅन्युअल गिअरबॉक्सचा पहिला गिअर 3.66, म्हणजे शाफ्टवर जवळपास 1,980 न्यूटन-मीटर येऊ शकतात. पण रस्त्यावरचे साधे टायर याच्या निम्म्यातच घसरू लागतात. शाफ्ट तुटतो तो बहुधा चिकट रेसिंग टायर घातल्यावर, सुटण्याच्या क्षणी बसणाऱ्या झटक्याने. त्यामुळे इंजिनापेक्षा टायरविषयी आधी विचारणारा विक्रेता जाणकार समजावा. ड्रॅग शर्यतीच्या कामाला जाड पोलादी किंवा क्रोमोली या मिश्रपोलादाची नळी आजही भरवशाची. ॲल्युमिनियममध्ये वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याजवळची ताकद उतरते, त्यामुळे तेथे कारागिरी निर्णायक ठरते.

नळीइतकेच महत्त्व युनिव्हर्सल जॉइंटला आहे. आपल्याकडच्या गॅरेजांत त्याला नुसते ‘क्रॉस’ म्हणतात. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी 1903 मध्ये मोटारीसाठीच्या अशा जॉइंटचे पेटंट घेतले आणि 1904 मध्ये न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्ड येथे उत्पादन सुरू केले. 1310, 1330 आणि 1350 हे आजही चालणारे मापांचे क्रमांक स्पायसरचेच. पहिल्या दोघांच्या बेअरिंग कपांचा व्यास सुमारे 27 मिमी, तर 1350 चा 30 मिमी. शक्ती वाढवलेल्या व्ही-8 साठी बहुधा 1350 च घेतात. ग्रीस भरण्याच्या छिद्रांमुळे क्रॉसचा गाभा थोडा अशक्त होतो, म्हणून जोराच्या कामाला भरीव क्रॉस बरा.

हा जॉइंट कोनात फिरताना एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि दोन्ही योक, म्हणजे क्रॉसला धरणारी दुपाखी टोके, एका रेषेत असतील तर ही चढउतार परस्पर कटते. कोन 1 ते 3 अंशांच्या आत असावेत. कोन अगदी शून्य ठेवणेही वाईट, कारण मग कपातल्या बेअरिंगच्या सुया जागच्या हलत नाहीत आणि एकाच जागी दाब घेत राहतात. असा क्रॉस उघडून त्याच्या दांड्यावर नख फिरवले, की सुयांनी पाडलेल्या बारीक समांतर खाचा लागतात. स्प्रिंग बदलून गाडी खाली केली असेल, तर कोन पुन्हा मोजल्याशिवाय शाफ्ट मागवू नये.

लांबी मोजताना गाडीचे वजन चाकांवर असले पाहिजे. चाके लोंबकळत ठेवून घेतलेले माप चुकते. गिअरबॉक्सकडच्या सरकत्या योकला आत जायला साधारण 2 सेंमी मोकळीक ठेवतात. शाफ्ट किती फेऱ्यांवर बॅलन्स केला आणि त्या लांबीला क्रांतिक वेग किती, ही दोन उत्तरे आकड्यांत मिळत नसतील तर तो शाफ्ट घेऊ नये. शर्यतीच्या गाडीला सुरक्षा कडेही हवे. पुढचा जॉइंट तुटला तर नळी जमिनीत रुतून गाडी उलटू नये म्हणून हे पोलादी कडे पुढच्या जॉइंटपासून 15 सेंमीच्या आत बसवतात. पाव मैल 13.99 सेकंदांत किंवा त्याहून लवकर धावणाऱ्या, रेसिंग टायरच्या गाड्यांना अमेरिकेच्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनने ते सक्तीचे केले आहे.

बसवल्यानंतर थरथर जाणवली, तर तिचा उगम वारंवारतेवरून शोधतात. ताशी 100 किमीला चाक सेकंदाला 12 ते 13 फेरे घेते आणि 3.73 गुणोत्तराला शाफ्ट सुमारे 47. चाकाचा दोष स्टिअरिंगमध्ये किंवा सीटमध्ये संथ हादऱ्यासारखा कळतो, शाफ्टचा दोष गाडीच्या तळातून येणाऱ्या गुणगुणीसारखा. त्याच वेगाला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून इंजिनाचे फेरे उतरू दिले आणि गुणगुण तशीच राहिली, तर दोष इंजिनाचा नाही. क्लच आणि गिअरबॉक्समध्ये हात घालण्याआधी शाफ्टचा बॅलन्स, योकची रेषा आणि दोन्ही कोन पुन्हा तपासावेत.