आधी आसरा, मग विद्यापीठ

सार्वजनिक गणेशोत्सवाची सुरुवात सांगताना आपण 1893 हे साल हमखास सांगतो. त्याच साली, मार्च महिन्यात, पुण्यात आणखी एक गोष्ट घडली. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. लग्नानंतर गोदूबाईंचे नाव आनंदीबाई झाले. पुढे सगळे त्यांना बाया कर्वे म्हणून ओळखू लागले. गणेशोत्सवाने समाजाला घराबाहेर एकत्र आणले. या विवाहातून जे कार्य उभे राहिले, त्याने माजघराच्या अंधारात बसवलेल्या बायकांना बाहेरचा उजेड दाखवला. दोन्ही गोष्टी एकाच शहरातल्या आणि एकाच वर्षातल्या. पहिलीची आठवण आपण दरवर्षी मांडव घालून काढतो. दुसरीची आठवण, बुद्धीच्या देवतेच्या या उत्सवात, या लेखाच्या निमित्ताने काढावी असे वाटले.

आज कोणत्याही मोठ्या विद्यापीठात स्त्रियांसाठी एखादे केंद्र असते. तिथे अभ्यास चालतो, व्याख्याने होतात, अडचणीत सापडलेल्या मुलीला कायद्याचा सल्ला मिळतो, वस्तीतल्या बायकांसाठी वर्ग चालतात. हे सारे अलीकडचे आणि परदेशातून आलेले आहे, असा आपला समज असतो. पण मराठी मुलखापुरते पाहिले तर क्रम वेगळा दिसतो. इथे विद्यापीठाने स्त्रियांसाठी केंद्र काढण्याच्या आधी स्त्रियांच्या आसऱ्याचेच विद्यापीठ झाले.

गोदूबाई या पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या शारदा सदनाच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी एक. विधवेला शिकवले तर ती आपल्या पायावर उभी राहू शकते, याचा दाखला कर्व्यांना घरातच मिळाला होता. पुनर्विवाहामुळे मुरूडला गावाने या दांपत्याला वाळीत टाकले. तेव्हा कर्व्यांच्या लक्षात आले, की पुनर्विवाह फार थोड्या जणींच्या वाट्याला येणार. शिक्षण मात्र सगळ्याच जणींना देता येईल. 1896 मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. प्लेगच्या दिवसांत, 1900 साली, आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर एक झोपडी बांधली गेली. कॉलेजातले तास संपले की कर्वे रोज संध्याकाळी काट्याकुट्यांची, चिखलाची वाट तुडवत पायी हिंगण्याला जात. तिथे राहायचे, सकाळी पुन्हा शहरात यायचे. त्या झोपडीत आलेल्या मुलीला आधी दोन वेळचे जेवण, निजायला जागा आणि अपमान न करणारी माणसे मिळत, पाटी-पुस्तक त्यानंतर.

या आश्रमाचा भार ज्यांनी वाहिला त्यांत बायांच्या धाकट्या बहीण पार्वतीबाई आठवले यांचे नाव विसरून चालणार नाही. त्याही तरुणपणीच विधवा झालेल्या, एका मुलाची आई. हिंगण्याला येऊन त्या शिकल्या, आश्रमाच्या व्यवस्थेत राबल्या आणि मग वर्गणी गोळा करायला गावोगाव फिरल्या. इंग्रजी येत नसताना 1918 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामे करून इंग्रजी शिकल्या आणि आश्रमासाठी पैसे जमवून परतल्या. स्त्रीला आधार देणारी संस्था आधार मिळालेल्या स्त्रीनेच पुढे चालवायची, ही रीत अशा बायकांनी घालून दिली.

1907 मध्ये महिला विद्यालय निघाले. 1915 च्या डिसेंबरात मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद कर्व्यांकडे आले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. तिच्या आधाराने त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना परिषदेपुढे मांडली. तेव्हा त्यांचे वय 57 होते. पुढच्याच वर्षी, 1916 मध्ये, अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महाविद्यालय सुरू झाले. शिक्षण मातृभाषेतून, इंग्रजी हा एक आवश्यक विषय, आणि गृहशास्त्र, आरोग्य यांनाही मान. पदवीचे नावही आपल्या वळणाचे होते: गृहीतागमा, म्हणजे जी. ए.

या अभ्यासक्रमावर तेव्हाही टीका झाली, आणि ती अगदीच गैरवाजवी नव्हती. मुलींना वेगळे आणि सोपे शिक्षण दिले तर त्या कायम मागेच राहतील, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत त्यांनी मुलांच्या बरोबरीने उतरावे, असे अनेक सुधारकांचे म्हणणे होते. शिवाय सरकारमान्यता नसल्यामुळे जी. ए. झालेल्या मुलीला सरकारी नोकरीचा दरवाजा सहज उघडत नसे. ही मान्यता मिळायला स्वातंत्र्य यावे लागले. 1949 च्या कायद्यानंतर 1951 मध्ये विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळाला. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. ज्या मुलीचे लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी झाले, जिची शाळा सुटली, जिला इंग्रजी माध्यम झेपणारे नव्हते, तिच्यापुढे बरोबरीची परीक्षा की सोपी परीक्षा, हा प्रश्नच नव्हता. तिच्यापुढे प्रश्न होता तो परीक्षा की काहीच नाही, हा. कर्व्यांनी तिच्यासाठी दार उघडले.

1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव विद्यापीठाला मिळाले. तेच आजचे एस. एन. डी. टी. 1936 मध्ये त्याचे मुख्य ठाणे मुंबईला गेले.

याच विद्यापीठात 1974 साली समाजशास्त्राच्या प्राध्यापिका नीरा देसाई यांनी स्त्रियांविषयी संशोधन करणारा एक विभाग सुरू केला. भारतातल्या विद्यापीठांमधले हे पहिले स्त्री-अभ्यास केंद्र. त्याच वर्षी देशातल्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीचा ‘समानतेकडे’ या अर्थाच्या शीर्षकाचा अहवाल सरकारला सादर झाला. नीराबाई त्या समितीच्या सदस्य होत्या. शिकलेल्या घरांतल्या मंडळींना वाटत होते तितकी परिस्थिती सुधारलेली नाही, हे त्या अहवालाने आकडे मांडून दाखवले. म्हणून या केंद्राने पुस्तकांपुरता अभ्यास ठेवला नाही. गुजरातेत उदवाडा परिसरात ग्रामीण स्त्रियांसाठी काम उभे केले आणि स्त्रियांविषयीची कागदपत्रे जमवली. 1981 च्या एप्रिलमध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली. 1986 च्या शिक्षण धोरणानंतर अनुदान मंडळाच्या साहाय्याने इतर विद्यापीठांतही अशी केंद्रे निघाली. पुणे विद्यापीठातले केंद्र विद्युत भागवत आणि शर्मिला रेगे यांनी नावारूपाला आणले. आज ते क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावाने चालते. विधवेच्या प्रश्नावर आपण बोलत आलो ते बहुधा वरच्या जातींतल्या विधवेबद्दल. दलित आणि कष्टकरी स्त्रीचे काय, हा प्रश्न शर्मिलाबाईंनी ठामपणे विचारला. आपल्यासारख्या घराण्यांनी तो ऐकण्याजोगा आहे.

आणखी एक उदाहरण सांगितले पाहिजे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये पोलिसांच्या सहकार्याने एक विशेष कक्ष सुरू केला. घरात मारहाण सोसणारी बाई विद्यापीठात येणार नाही, पण कधीतरी पोलिसांकडे जाईल. म्हणून संस्थेची प्रशिक्षित समाजकार्यकर्ती तिथेच जाऊन बसली. बाईचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यायचे, नवऱ्याला बोलावून समज द्यायची, गरज पडल्यास वकील आणि निवाऱ्याची सोय पाहायची. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले आणि राज्य सरकारने ते आपले मानले. हिंगण्याच्या झोपडीचाच हा वारसा म्हणता येईल.

आता आपल्या गावाकडे वळू. 1956 पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होते. स्टेशनला लागून असलेल्या आपल्या मळमड्डीतून पुण्याची गाडी पकडणे सोपे होते. पुण्याची वर्तमानपत्रे, नाटके आणि वादही त्याच वाटेने इकडे येत. लाल आलवणातली सोवळी आत्या आपल्याही वाड्यांमधून होतीच. पण इथली माणसे पुण्याकडे पाहत बसली नाहीत. 1928 मध्ये भागीरथीबाई पुराणिक यांनी धारवाडला वनिता सेवा समाज स्थापन केला. त्या स्वतः बालविधवा. निराधार स्त्रियांना आसरा आणि शिक्षण देणारी ही संस्था कन्नड-मराठी असा भेद न करता या गावची म्हणून ओळखली जाते. कर्नाटक विद्यापीठ 1950 मध्ये धारवाडला आले, आणि 2003 मध्ये विजापूरला राज्याचे महिला विद्यापीठ निघाले. 2017 पासून ते अक्कमहादेवींचे नाव मिरवते. म्हणजे शिकू इच्छिणाऱ्या मुलीला आज कोकणातून हिंगण्याला किंवा धारवाडहून पुण्याला जावे लागत नाही.

मात्र दार जवळ आले म्हणून ते ठोठावणे सोपे झाले असे नाही. 2013 च्या कायद्याने प्रत्येक महाविद्यालयात तक्रार समिती असणे बंधनकारक झाले. तरी ‘घरची अब्रू’ या दोन शब्दांनी अजून किती मुलींची तोंडे बंद होतात, हे आपण सारे जाणतो. चांगल्या घरात असे घडत नाही, हा भ्रम तर जुनाच. आनंदीबाईंना वाळीत टाकणारी माणसेही चांगल्या घरचीच होती. केंद्र, कायदा, समिती यांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा घरातली काकू किंवा आजी मुलीला म्हणते, “जा, मी येते तुझ्याबरोबर.”

एक विनंती करून थांबतो. स्त्री-अभ्यास केंद्रांनी आपल्याला एक गोष्ट शिकवली: सामान्य बाईचे आयुष्य हाही इतिहास असतो आणि तो लिहून ठेवावा लागतो. आनंदीबाईंनी आणि पार्वतीबाईंनी आत्मचरित्रे लिहिली म्हणून आज त्या आपल्याला कळतात. आपल्या घरांतल्या ट्रंकांमध्ये कुणा आजीचे शाळेचे प्रमाणपत्र असेल, कुणा आत्याने हिंगण्याहून पाठवलेले कार्ड असेल, एखादी शिवणकामाची वही असेल. रद्दीत जाण्याआधी ते बाहेर काढावे. घरात नव्वदीच्या कुणी असतील तर या दहा दिवसांत त्यांच्याजवळ बसून, त्या कुठे शिकल्या, कुणी शिकवले, कुणी अडवले, हे विचारून नावगाव आणि सालासकट लिहून ठेवावे. विघ्नहर्त्यापुढे आरती म्हणताना, ज्यांची विघ्ने कुणीच हरली नाहीत आणि तरीही ज्या उभ्या राहिल्या, त्यांची नावे तरी आपल्याला ठाऊक असावीत.

गणपती बाप्पा मोरया!