हाली आणि कलदार : आलेखाविना वाचलेली एक चलनजोडी

१/ डॉलर-रुपयाचा भाव कोठे अडला, कोठून वळला, हे आलेखावर पाहून पुढची दिशा ताडणे, याला आज ‘प्राइस ॲक्शन’ म्हणतात. मराठवाड्यातील सराफाजवळ आलेख नव्हता. पण चलनजोडी होती. एका बाजूस हाली, दुसऱ्या बाजूस कलदार.

२/ जालना-भोकरदन मार्गावरील राजूर आज गणपतीच्या देवस्थानासाठी प्रसिद्ध आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. येथे हाली सिक्का चाले. ‘हाली’ म्हणजे चालू. शेजारच्या बुलढाण्यात, इंग्रजी कारभाराखालील वऱ्हाडात, कलदार चाले. ‘कल’ म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला रुपया तो कलदार.

३/ दोन्ही रुपये चांदीचेच, पण हालीत शुद्ध चांदी कमी. म्हणून कलदार घेताना हालीवर बट्टा द्यावा लागे. हा बट्टा स्थिर नसे आणि सराफाची मिळकत त्याच्या चढउतारावर होती.

४/ त्या चढउतारामागे ऋतू होता. सुगीनंतर कापूस मुंबईकडे निघे. व्यापाऱ्याचा पैसा कलदारात येई, पण शेतकऱ्याला द्यायची हाली. सरकारी सारा भरायचा तोही हालीत. मागणी वाढली की हाली महाग होई. हंगाम सरला की ती पुन्हा उतरे.

५/ हे वळण ओळखणाऱ्याला त्यात नफा दिसे. शेतकऱ्याला मात्र दुहेरी फटका. कापूस विकताना हाली महाग, म्हणून हातात रुपये कमी. पावसाळ्यात कलदाराच्या हिशेबाने आलेले कापड किंवा मीठ घेताना हाली स्वस्त, म्हणून खर्च अधिक.

६/ मग एका निर्णयाने जुना मेळच मोडला. जगात चांदीचा भाव घसरत होता. २६ जून १८९३ रोजी इंग्रज सरकारने आपल्या टाकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. त्यामुळे कलदाराची किंमत त्यातील चांदीपासून सुटली आणि तिच्याहून वर गेली. चांदीवर विसंबलेल्या हालीचे त्याच्याशी असलेले नाते विस्कटले. ऋतूंवरून भाव ताडणाऱ्याला या उलथापालथीची चाहूल मागील हंगामांच्या आकड्यांतून लागणे शक्य नव्हते.

७/ पुढे संस्थानी सरकारने नाण्यांचा पुरवठा हाती ठेवून दर सावरला. ७ हाली म्हणजे ६ कलदार हे प्रमाण रूढ झाले. म्हणजे एका कलदाराला १ रुपया २ आणे ८ पै हाली. १९४८ नंतर संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हाही भारतीय रुपयाशी हेच प्रमाण धरले गेले. १९५० च्या दशकात हाली चलनातून गेली आणि ही जोडीच संपली.

८/ आलेखावरील आकृती ही कारणांची सावली असते. हाली-कलदारच्या भावात कापसाचा हंगाम होता, साऱ्याचा हप्ता होता, नाण्यातील चांदी होती. ही कारणे टिकली तोवर आकृती टिकली. म्हणून चलनाचा इतिहास वाचताना रेषेबरोबर एक प्रश्नही हाती असावा : हा भाव कोणाच्या गरजेतून घडला आणि त्याची किंमत कोणी मोजली?