पिकअप ट्रकचा लाकडी हौदा : रंग, वॉर्निश आणि इतिहासाचा पुरावा

अमेरिकेतील जुन्या मोटारींच्या प्रदर्शनांची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. १९४० किंवा १९५० च्या दशकातील पिकअप ट्रक तिथे उभा असला, की लोक इंजिनाइतक्याच कौतुकाने त्याच्या हौद्यात डोकावतात. मधाच्या रंगाच्या ओकच्या फळ्या, त्यांच्यामध्ये चकाकणाऱ्या पोलादी पट्ट्या आणि वर काचेसारखा वॉर्निशचा थर. नवा असताना ट्रक असाच दिसत असणार, असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो तसा दिसत नव्हता. कारखान्यातून निघालेल्या बहुतेक हौद्यांच्या फळ्या सरळ रंगवलेल्या असत, कुठे काळ्या, कुठे गाडीच्याच रंगात. कंपनी, वर्ष आणि कारखाना यांप्रमाणे त्यात फरक पडे. लाकडाची नक्षी दाखवणारी चकाकी नंतरच्या हौशी लोकांनी आणली. या पाठात आपण दोन गोष्टी पाहू. या लाकडावर काळाप्रमाणे काय लावले गेले आणि का, ही पहिली. जुन्या फळीवरून ते कसे ओळखायचे, ही दुसरी.

घोडागाडीचा वारसा

पिकअपचा हौदा घोडागाडीच्या पेटीतून आला. पुढे मोटारी बनवणारी स्टुडबेकर कंपनी १८५२ साली इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे गाड्या घडवणारी म्हणूनच सुरू झाली होती. त्या काळचे गाडीकार ओक, ॲश आणि हिकरी ही लाकडे वापरत आणि जवसाच्या तेलात खललेल्या रंगाने ती झाकत. जवस आपल्याला चटणीमुळे माहीत आहे. रंगाऱ्याच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतील ऑक्सिजन शोषून ते घट्ट होते आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. (या क्रियेत उष्णता निर्माण होते. म्हणून या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.) नुसते तेल मात्र उघड्यावरच्या लाकडाला पुरत नाही. त्यावर बुरशी पोसली जाते आणि फळी काळवंडते. तेलात शेंदूर, काजळी किंवा गेरूसारखे रंगद्रव्य मिसळले, की ते टिकाऊ होते.

फोर्डने १९१७ साली एक टनी ‘मॉडेल टीटी’ बाजारात आणली तेव्हा ग्राहकाला फक्त सांगाडा मिळे. हौदा बाहेरच्या कारागिराकडून बांधून घ्यावा लागे. कारखान्यातच पिकअपचा हौदा बसवलेली मॉडेल टी १९२५ च्या एप्रिलमध्ये आली. किंमत २८१ डॉलर. त्या काळी मोटारींतही लाकूड इतके लागे, की फोर्डने मिशिगनच्या उत्तर भागात जंगले घेतली आणि आयर्न माउंटन येथे लाकूड कापण्याचा कारखाना उभारला. तिथल्या तुकड्यांचा कोळसा करून विकण्याचा धंदाही त्यातूनच निघाला.

पुढे मोटारीचे शरीर पत्र्याचे झाले, पण पिकअपच्या तळाशी लाकूड बराच काळ टिकून राहिले. याला ‘परंपरा’ म्हणून सोडून देणे मला पटत नाही. कारणे व्यवहाराची होती. एवढा मोठा पत्रा दाबून घडवण्याचे साचे महाग पडत. लाकडी तळावर दगड किंवा लोखंड आपटले तर पोचा पडत नाही, आणि एखादी फळी फुटलीच तर तेवढीच बदलता येते. फळ्यांच्या कडांवर बसणाऱ्या लांब पोलादी पट्ट्या त्यांना खालच्या आडव्या तुळयांशी बोल्टने आवळून धरत. पावसात फळी फुगली आणि उन्हात आटली, तरी पट्टीखाली तिला थोडे सरकायला जागा राहात असे. फोर्डने १९५१ साली हौद्याच्या पत्र्याच्या तळाऐवजी लाकडी तळ दिला. शेवरोलेच्या ‘स्टेपसाइड’ हौद्यात तर तो १९८७ पर्यंत दिसतो.

वॉर्निश का नव्हते?

ऊन लाकडाचे काय करते, हे आधी समजून घेऊ. लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन नावाचे द्रव्य अतिनील किरणांनी विघटित होते. रंगातील अपारदर्शक कण हे किरण अडवतात. स्वच्छ वॉर्निश त्यांना बऱ्याच अंशी आत जाऊ देते. मग वॉर्निशचा थर धड दिसत असतानाच त्याखालचे लाकूड सैल होते आणि काही काळाने पापुद्रे सुटू लागतात.

वॉर्निश करणाऱ्यांना याची जाणीव होती. इंग्रजीत ‘स्पार’ म्हणजे जहाजाची डोलकाठी. तिला लावायचे ते ‘स्पार वॉर्निश’. गरम पाण्यानेही पांढरे न पडणारे व्हॅलस्पार १९०६ साली विक्रीस आले. नंतर चिनी टंग तेल आणि बेकेलाइटच्या वर्गातील फिनॉलिक राळ यांच्या मिश्रणाने अधिक चिवट वॉर्निशे तयार झाली. तरीही नावेच्या मालकाला ती वरचेवर घासून पुन्हा लावावी लागतच. रोज खडी, खत आणि काटेरी तार वाहणाऱ्या ट्रकसाठी एवढी उस्तवार कोण करणार? ज्या फळीवर फावडे घासत जाणार, तिला स्वस्त रंगाचा एक हात पुरे, असा हिशेब कारखान्याने केला, आणि तो चुकीचा नव्हता.

रंग आणि वॉर्निश यांच्यामधली वाट म्हणजे स्टेन. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९१० पासून अमेरिकेच्या वनखात्याची लाकूड-संशोधन प्रयोगशाळा आहे. तिने १९५० च्या दशकात लोकांपुढे ठेवलेल्या मिश्रणात जवसाचे तेल, पॅराफिन मेण, बुरशीनाशक आणि थोडे मातकट रंगद्रव्य होते. असा स्टेन पृष्ठभागावर पापुद्रा धरत नाही, लाकडात मुरतो. त्यामुळे तो सोलून निघत नाही, हळूहळू विरत जातो आणि न खरवडता वर पुन्हा लावता येतो. उन्हात राबणाऱ्या हौद्यासाठी मला हाच पर्याय शहाणपणाचा वाटतो. प्रदर्शनापुरता बाहेर निघणारा आणि एरवी छपराखाली राहणारा ट्रक असेल तर वॉर्निशही टिकेल. फक्त त्याला ‘मूळ’ म्हणू नये.

या कहाणीत भारताचाही एक धागा आहे. आज काही जण हौद्यासाठी दाबाखाली रसायन मुरवलेला पाइन वापरतात. त्या पद्धतीतील सर्वांत गाजलेले रसायन, म्हणजे तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी १९३३ साली शोधले. जगभरचे खांब आणि कुंपणे त्याने वाचवली. आर्सेनिकच्या धोक्यामुळे अमेरिकेतील उत्पादकांनी २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बंद केले. असे लाकूड बऱ्याचदा ओलेच विकले जाते. ते पुरते वाळण्याआधी स्टेन लावला, तर तो आत मुरत नाही.

फळी वाचताना

समजा, जुना हौदा तुमच्यासमोर आहे आणि मूळ रंग शोधायचा आहे. भर मधल्या भागात काही सापडणार नाही. तिथला रंग पहिल्या काही वर्षांतच घासून गेलेला असतो. पोलादी पट्टी उचला. तिच्याखाली झाकलेली फळीची कड, बोल्टच्या डोक्याखालची गोल जागा आणि फळीची खालची बाजू इथे पहिला थर टिकतो. धारदार पात्याने तिरका छेद घेतला, तर थर एकावर एक मोजता येतात.

इथे एक फसगत हमखास होते. बोल्टभोवती दिसणारे काळे वर्तुळ रंगाचे असेलच असे नाही. ओकमध्ये टॅनिन असते. ओल्या लोखंडाशी त्याची क्रिया झाली, की लाकूड शाईसारखे काळे पडते. रंगाचा थर नखाने किंवा पात्याने सुटतो; हा डाग तंतूंमध्ये उतरलेला असतो आणि ऑक्झॅलिक आम्लाने फिका होतो. दुसरी फसगत फळी बदललेली असण्याची. मूळ फळ्या पुष्कळदा पिवळ्या पाइनच्या असत आणि नंतर बसवलेल्या ओकच्या. म्हणून एकाच फळीवर निष्कर्ष काढू नका, शेजारच्या फळ्यांशी ताडून पाहा. ओक असेल तर तोही कोणता, हे तपासा. पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. तांबड्या ओकच्या मोकळ्या असतात, इतक्या की छोट्या तुकड्यातून फुंकर आरपार जाते. साहजिकच तांबडा ओक पाणीही जास्त पितो.

हे सर्व पाहून, छायाचित्रे काढून झाल्याशिवाय घासकागदाला हात लावू नका. एका दुपारच्या घासकामात फळीचा सगळा इतिहास भुश्यात जातो. शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ श्वासावाटे जाऊ देऊ नये. कोरडे घासण्यापेक्षा फळी ओली ठेवून घासावी. जमले तर मूळ थर असलेली एक फळी तशीच काढून जपून ठेवावी.

नंतर नव्या फळीला स्टेन किंवा रंग द्यायचा तो जोडणीच्या आधी आणि सगळीकडून : दोन्ही बाजू, कडा, बोल्टची भोके आणि विशेषतः दोन्ही टोके. लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकांकडून ओढते, आणि हौदा बसवल्यावर ब्रश तिथे पोचत नाही.