श्रीपूर ते मुंबई, व्हाया सिंगापूर

२०२१ चा जानेवारी. कारखान्याचा गाळप हंगाम ऐन भरात, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, आणि मी श्रीपूरला आजीच्या माजघरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतोय. मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायचा. टीम लीडने दोनदा विचारलं, "तिथून जमणार आहे ना?" म्हणजे काय ते कळलं मला. एका रात्री चिडून ट्रेसरूट मारला. आपलं पॅकेट कुठल्या राउटरवरून जातंय, हे त्यात दिसतं. आमचा सर्व्हर मुंबईत. रस्ता मात्र श्रीपूर, पुणे, मुंबई, सिंगापूर आणि परत मुंबई! अकलूजला जायला कुणी चेन्नईवरून वळसा घेतं का?

घेतं. भारतीय इंटरनेट अनेक वर्षं असंच चाललं.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. परदेशी जाण्याचं दार एकच, त्याची किल्लीही त्यांच्याकडेच. १९९७ मध्ये ब्रिटन ते जपान अशी सुमारे २८,००० किलोमीटरची 'फ्लॅग' केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागली. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने खुले झाले. बहुतेक वेबसाइट तेव्हा अमेरिकेत, म्हणून जो तो आधी तिकडची लाइन घ्यायचा. शेजारच्या कंपनीशी तार जोडणं कुणाच्या यादीतच नव्हतं. त्यामुळे दादरहून ठाण्याला पाठवलेला ईमेलही अमेरिका बघून यायचा, आणि त्या फेरीचे पैसे दोन्ही कंपन्या डॉलरमध्ये मोजायच्या.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार. म्हणजे नुसतं जाऊन यायला सेकंदाचा आठवा भाग. उत्तरही त्याच वाटेने आलं तर पाव सेकंद. केबल सरळ नसते, ते वेगळंच.

२००३ मध्ये 'निक्सी' म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया स्थापन झालं. कल्पना आठवडी बाजाराची. दहा कंपन्यांनी एकमेकींना जोडायचं तर ४५ तारा लागतात. सगळ्यांनी एकाच स्विचपाशी यायचं ठरवलं तर दहाच. पण नियम विचित्र होते. जास्त डेटा ओढेल त्याने पाठवणाऱ्याला पैसे द्यायचे, आणि प्रवेश फक्त इंटरनेट सेवा कंपन्यांना. व्हिडिओवाले, म्हणजे खरा माल ज्यांच्याकडे होता ते, कैक वर्षं बाजाराबाहेरच. माझ्या मते निक्सी रेंगाळलं ते इथेच. १९९५ पासून चालणारं फ्रँकफर्टचं डी-सिक्स कुणालाही दार उघडं ठेवून वाढलं आणि पुढे मुंबईतही आलं.

परदेशी लाइनचा घोळ निराळा. केबल कुणाचीही असो, ती किनाऱ्यावर ज्या स्टेशनात येते त्याचा मालक अडवू शकायचा. 'ट्राय'ने २००७ मध्ये नियम करून ती स्टेशनं इतरांना खुली करायला लावली. एक्सचेंज असलेल्या इमारतीत केबलची क्षमता विकणारेही बसू लागले, की छोट्या कंपनीला सिंगापूर किंवा युरोपची मोठी लाइन घ्यायला इमारतीतल्या इमारतीत एक तार ओढली तरी पुरतं.

मग २०२१ मध्ये माझं पॅकेट का भटकलं? दोन मोठ्या कंपन्यांचं मुंबईत पटलं नव्हतं, सिंगापुरात पटलं होतं. तांत्रिक अडचण काहीच नाही, हिशेबाची होती.

स्क्रीनशॉट मी गावातल्या केबलवाल्या दादाला व्हॉट्सॲप केला. त्याचा लगेच फोन. "सिंगापूर कुठनं आलं ह्यात? आपण तर पुण्याच्या माणसाकडनं घेतो." मार्चमध्ये त्याने दुसरीकडून लाइन घेतली. त्या रात्री परत ट्रेसरूट मारला: श्रीपूर, पुणे, मुंबई. १८ मिलिसेकंद.