मर्क्युरीचे छप्पर



मुंबई-पुणे रस्त्यावर पूर्वी एक दृश्य हटकून दिसे. कारखान्यातून नुकतेच निघालेले मालमोटारीचे नुसते चेसिस भरधाव चालले आहे. त्याला टप नाही, दारे नाहीत, काच नाही. चार चाके, एक इंजिन आणि एका लाकडी पेटीवर बसलेला, डोक्याला उपरणे गुंडाळलेला ड्रायव्हर. हे सांगाडे कुठे तरी दूरच्या गावी जात आणि तिथला सुतार-लोहार त्यांवर बॉडी चढवी. मोटारीचे यंत्र एकाने करायचे आणि तिचे शरीर दुसऱ्याने, ही गोष्ट आज आपल्याला फक्त मालमोटारींपुरती ठाऊक आहे. एके काळी श्रीमंतांच्या गाड्याही अशाच बनत. आपली गाडी बाहेरून कशी दिसावी हे ठरवण्याचा अधिकार तेव्हा गिऱ्हाइकाचा होता. तो अधिकार पुढे त्याच्या हातून गेला, आणि कॅलिफोर्नियातल्या काही पोरांनी तो कानस व शिसे हाती घेऊन परत कसा मिळवला, ही आजची कथा आहे.

आपल्या जवळच्या उदाहरणापासून निघू. होळ गावच्या होळकरांचे वंशज, इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्यासाठी 1935 साली अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्ग कंपनीच्या चेसिसवर लंडनच्या गर्नी नटिंग या कारखान्याने बॉडी बांधली. नारिंगी आणि काळा असा तिचा रंग. ड्यूसेनबर्गचे हे ‘जे’ जातीचे चेसिस 1928 च्या अखेरीस प्रथम बाजारात आले, तेव्हा नुसत्या सांगाड्याची किंमत साडेआठ हजार डॉलर होती. त्या वेळी फोर्डची साधी गाडी चार-पाचशे डॉलरच्या घरात सबंध मिळे. म्हणजे निवडीचा हा अधिकार पैशाने विकत घेतलेला होता, हे उघड आहे.

पैसा असला म्हणजे निवड चांगलीच होते असे मात्र नाही. 1910 साली कलकत्त्यात एका धनिक इंग्रज गृहस्थाने इंग्लंडातल्या लोवेस्टॉफ्ट गावच्या ब्रुक कारखान्याकडून राजहंसाच्या आकाराची मोटार करवून आणली. हंसाचे डोळे दिव्यांचे, आणि चोचीतून वाटेवरच्या गर्दीवर गरम पाण्याचा फवारा उडे. गाडी रस्त्यावर आली तशी पळापळ झाली आणि पोलिसांनी तिला बंदी केली. पुढे ती नाभा संस्थानाच्या महाराजांकडे गेली. आज हॉलंडमध्ये हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे. गंमतीची वस्तू आहे यात शंका नाही. पण मोटारीवर हंस बसवल्याने मोटार सुंदर होत नाही. तिथे आपण हंस पाहतो, मोटार पाहतच नाही.

पुढे दाबयंत्राने ठोकलेल्या पोलादी पत्र्याच्या बॉड्या आल्या. एका साच्यातून लाख गाड्या निघू लागल्या, किंमत उतरली, आणि सामान्य मनुष्य मोटारीत बसला. हा लाभ मी कमी लेखत नाही. पण रूप ठरवणे आता कारखान्याकडे गेले. जनरल मोटर्सने 1927 साली हार्ले अर्ल याला त्यासाठीच नेमले. हा मनुष्य लॉस एंजेलिसला सिनेनटांसाठी फर्मायशी बॉड्या करणारा. त्याने कारखान्यात रूपसज्जेचे स्वतंत्र खाते काढले आणि दरसाल नवे रूप देण्याची चाल पाडली. महायुद्धानंतर तर या रूपावर क्रोमची चकाकणारी पट्टी, बॉनेटवर पंखवाली मूर्ती, डिकीवर कंपनीचे नाव, बाजूला आणखी एक पट्टी, अशी भर पडत गेली. लग्नघरी एखाद्या सासुरवाशिणीच्या अंगावर दोन्ही घरचे सगळेच दागिने चढवावेत, तसे ते दिसे.

आता कॅलिफोर्नियाकडे वळू. तिथला हवामानाचा गुण असा की पत्रा लवकर गंजत नाही, म्हणून जुन्या गाड्या पुष्कळ आणि स्वस्त. युद्धाच्या काळात विमानांच्या कारखान्यांत आणि नौदलात शेकडो तरुणांनी गॅसने पत्रा कापणे-जोडणे शिकून घेतलेले. या पोरांजवळ नवी गाडी घेण्याइतके पैसे नव्हते. पाच-दहा वर्षे वापरलेली फोर्ड, शेवर्ले किंवा मर्क्युरी घ्यावी आणि तिला आपले रूप द्यावे, एवढेच हाती होते. अशा गाडीला ते ‘कस्टम’ म्हणत. आपल्याकडे ‘फर्मायशी’ म्हणतात तसेच. फरक एवढाच की इथे फर्माईश करणारा आणि घाम गाळणारा बहुधा एकच असे.

त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली, तर गाडीवर काही लावले नाही. होते ते काढले. बॉनेटवरची मूर्ती काढली, भोके बुजवली. डिकीची मूठ आणि कंपनीचे नाव काढले. दाराच्या मुठी काढल्या, आणि दार उघडण्यासाठी विद्युत्-चुंबकाची कळ लपवून बसवली. मडगार्ड आणि बॉडी यांमधली फट भरून टाकली. पुढचे दिवे पत्र्यात आत ओढून त्यांच्या कडा विरघळवल्या. कंपनीने जिथे जिथे ‘इकडे पाहा’ म्हटले होते, तिथे तिथे यांनी ते पुसले. या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट मला हीच वाटते, आणि बहुतेक लोक छायाचित्रे पाहताना तीच विसरतात. कारण जे काढले ते छायाचित्रात दिसत नाही.

पण भोक बुजवणे म्हणजे लांबी भरणे नव्हे. आजची प्लॅस्टिकची पुट्टी 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. तोवर सारे काम शिशाचे. आपल्यापैकी ज्येष्ठ मंडळींनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला असेल. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे. पत्र्याचे काम अगदी तसेच सुरू होई. पत्रा घासून लख्ख करायचा, त्यावर प्रथम कथलाची कल्हई धरायची. मग शंभरात सुमारे 70 भाग शिसे आणि 30 भाग कथील अशी कांडी ज्योतीखाली धरायची. या मिश्रणाचा गुण असा की 183 अंशांना ते मऊ होऊ लागते, पण पुरते पातळ व्हायला अडीचशे अंशांच्या वर जावे लागते. मधल्या टप्प्यात ते लोण्यासारखे असते. ज्योत पुढे-मागे नाचवीत त्याला त्याच टप्प्यात ठेवायचे आणि चरबी किंवा मेण लावलेल्या लाकडी पट्टीने उभ्या पत्र्यावर पसरायचे. जरा उष्णता वाढली की सारे ओघळून बुटावर. गार झाले की मोठी कानस घ्यायची आणि तळहाताने चाचपत घासायचे, कारण डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो. शिशाची धूळ विषारी, तेव्हा चाक लावून ते उडवणे म्हणजे स्वतःचाच घात. अशा जड झालेल्या गाड्यांना तिथले लोक विनोदाने ‘शिशाची घसरगाडी’ म्हणू लागले.

काढण्याच्या या कामातले सर्वांत कठीण काढणे म्हणजे छप्पर उतरवणे. खिडक्यांचे खांब मधून काही इंच कापून टप खाली बसवायचा. ऐकायला सोपे वाटते. पण मोटारीचे खांब सरळ उभे नसतात; ते वर जाताना आत झुकतात. तेव्हा तुकडा काढून टप खाली आणला की वरचे टोक खालच्या टोकावर येतच नाही. टपच उभा-आडवा चिरून रुंद करावा लागतो. मागची वक्र काच कापता येत नाही, म्हणून ती पुढे झुकवून बसवावी लागते, आणि तिच्याभोवतीचा सारा पत्रा नव्याने घडवावा लागतो. दोन इंच कमी कापले तर श्रम वाया, दोन इंच जास्त कापले तर गाडी तोफेच्या बुरुजासारखी दिसते. हे गणित कागदावर सुटत नाही.

ते ज्याच्या नजरेला सुटले तो सॅम बॅरिस. सॅम आणि जॉर्ज हे दोघे भाऊ उत्तर कॅलिफोर्नियात सॅक्रॅमेंटोच्या परिसरात वाढले आणि तिथल्या हॅरी वेस्टरगार्ड या कारागिराकडे शिकले. सॅम युद्धात नौदलात होता. पुढे दोघांनी लॉस एंजेलिसच्या बाजूला दुकान काढले. जॉर्ज बोलका, जाहिरातीत हुशार. ‘कस्टम’ हा शब्द त्याने मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने पाटीवर लावला, म्हणजे लोकांनी थांबून वाचावा. सॅम मुका कारागीर. 1949 सालच्या मर्क्युरीचे छप्पर त्याने स्वतःच्या गाडीवर उतरवून दाखवले, आणि त्या पोटफुगीर, बोजड गाडीची एकदम सलग वाहती रेषा झाली.

1952 साली बॉब हिरोहाटा नावाचा जपानी वंशाचा तरुण आपली 1951 ची मर्क्युरी घेऊन या दुकानात आला. त्याच्या दहाच वर्षे आधी, 1942 साली, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून तारांच्या कुंपणाआड छावण्यांत ठेवले होते. हा संदर्भ लक्षात ठेवून पुढचे पाहा. बॅरिस बंधूंनी छप्पर पुढे सुमारे चार इंच आणि मागे त्याहून अधिक उतरवले. मग एक धाडस केले : दारामागचा मधला खांबच काढून टाकला, म्हणजे काचा खाली केल्यावर बाजू सलग मोकळी. बाजूला ब्यूइक गाडीची उतरत जाणारी पट्टी आणून बसवली. मागच्या चाकापुढे हवेच्या झरोक्यासारखा एक उठाव केला आणि त्यात शेवर्लेच्या जाळीचे दात लावले. रंग वर फिकट समुद्री हिरवा, खाली गडद हिरवा. त्या नोव्हेंबरात लॉस एंजेलिसच्या पॅन-पॅसिफिक सभागृहातल्या मोटार-प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, आणि बड्या कंपन्यांच्या गाड्यांच्या पंक्तीला बसून तिने गर्दी खेचली.

इथे माझ्या मघाच्या म्हणण्याला कोणी हरकत घेईल. काढण्याचे एवढे स्तोत्र गायलेत, मग ही पट्टी आणि हे दात काय? उत्तर त्या पट्टीतच आहे. ब्यूइकची पट्टी दाराशी खाली उतरते आणि मागच्या मडगार्डाशी वळते, आणि मर्क्युरीच्या पत्र्याचा मूळचा उतारही तिथेच आहे. दोन रंगांची सीमा तिने धरली. जी रेषा गाडीत आधीपासून होती तीच तिने वाचून दाखवली. झरोक्याविषयी मात्र मी तेवढा आग्रही नाही. त्यातून हवा कुठेच जात नाही, तो नुसता अलंकार आहे. पण एखादी टिकली चालते.

याच सुमारास बरबँक गावच्या व्हॅली कस्टम या दुकानाने नेमका उलटा मार्ग धरला. नील एमरी आणि क्लेटन जेन्सन हे तिथले कारागीर. त्यांनी 1950 च्या एका फोर्डचे छप्पर तसेच ठेवले आणि बॉडीच कमरेतून आडवी चिरून काही इंचांचा पट्टा काढून टाकला. काम छपराहून कितीतरी पट किचकट, कारण दारे, मडगार्डे, बॉनेट, डिकी सारेच कापावे लागते. आणि फळ काय? साधा मनुष्य ती गाडी पाहून म्हणेल की फोर्ड दिसते आहे, पण काही तरी वेगळे आहे. काय ते त्याला सांगता येणार नाही. दोहोंत श्रेष्ठ कोण हा वाद त्या मंडळींत आजही चालतो. मला विचाराल तर हात मर्क्युरीला जोडीन आणि घरी फोर्ड नेईन.

1960 च्या पुढे ही दृष्टी सुटली. प्रदर्शनांत बक्षिसे मिळू लागली, आणि बक्षिसासाठी गाड्या रस्त्यावर न जाता ट्रकवर चढून जाऊ लागल्या. प्लॅस्टिकचे घुमट आले, माशाचे कल्ले आले, आतून मखमल आली. कलकत्त्याचा राजहंस पुन्हा अवतरला म्हणा ना. जॉर्ज बॅरिसने 1955 च्या लिंकन फ्युचुरा या नमुना-गाडीवरून दूरचित्रवाणीसाठी बॅटमोबील केली ती 1966 च्या मालिकेत दिसली. जगभर गाजली, पण ती नटाची गाडी होती. सॅम 1967 साली वारला.

शहराच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी मात्र काढण्याची परंपरा दुसऱ्या दिशेने नेली : त्यांनी गाडी आणि रस्ता यांतले अंतरच काढायला घेतले. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणायची आणि सावकाश हाकायची. सरकारने कायदा केला. चाकाच्या धावेच्या खालच्या कडेखाली बॉडीचा कोणताही भाग येता कामा नये. 1958 पासून पोलीस गाड्या अडवू लागले. लगेच 1959 साली रॉन अगीरे याने विमानातले जुने हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटला बसवले. कळ दाबली की गाडी कायद्याइतकी वर, पोलीस गेला की मनाइतकी खाली! हा कायदा कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2024 पासून रद्द केला. छपराला आणि खांबाला हात लावणे हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे मी नाकारत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली निर्माणकर्त्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरणारा बदल गाडीत करता येणार नाही असा निर्णय दिला, त्यामागेही तोच विचार आहे. पण कॅलिफोर्नियात कायद्याची पट्टी नेमकी कोणाच्या गाडीखाली जाऊन बसली, हेही पाहिले पाहिजे.

हिरोहाटाची मर्क्युरी त्याने विकली, ती हातोहात फिरली, फॅशन पालटली. 1959 साली ती एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे उभी होती आणि एका तरुण पोराने ती 500 डॉलरला घेतली. काही दिवस चालवली, मग गॅरेजात लावली. ती तिथे वर्षानुवर्षे उभी राहिली. पुढे त्यानेच ती मूळच्या दोन हिरव्या रंगांत पुन्हा उभी केली. 2017 मध्ये तिची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाली, आणि जानेवारी 2022 मध्ये फ्लॉरिडातल्या लिलावात ती एकवीस लाख डॉलरांच्या वर गेली. दाराच्या मुठी मात्र तिला आजही नाहीत.