खाडीचे मीठ आणि मोहोन्याची रसायने

ठाण्याच्या खाडीकाठी आगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या पिकविलेले मीठ १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवाने आणि महसूल यांच्या दप्तरात जखडले गेले, तरी त्याचे नाव मीठच राहिले. पदार्थाला त्याच्या घटकांवरून नाव द्यावे, ही शिस्त पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्येच घातली होती. परंतु क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे डेव्हीने १८१० मध्ये प्रतिपादल्यावरच मिठाचे सोडियम क्लोराइड होण्याचा मार्ग मोकळा झाला.

मिठागरात मीठ ओढून घेतल्यावर जे कडू, दाट पाणी उरते, त्यातील मॅग्नेशियम क्लोराइडमध्ये एका मॅग्नेशियममागे दोन क्लोरीन असतात, आणि तरीही नावात ‘दोन’ येत नाही, कारण आयनांचे प्रभारच ते प्रमाण ठरवितात. अणू जेथे इलेक्ट्रॉन वाटून घेतात तेथे मात्र संख्या सांगावीच लागते. कल्याणजवळ मोहोने येथील रेयॉनच्या आता बंद पडलेल्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यावर ज्याने प्रक्रिया होत असे ते द्रव्य, म्हणूनच, कार्बन डायसल्फाइड.

कार्बन डायऑक्साइड आपण उच्छ्वासातून नित्य सोडतो; कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. एवढे अंतर त्या उपसर्गात आहे, म्हणून डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील प्रत्येक पिंपावर रसायनाचे पूर्ण नाव देवनागरीतही ठळक लिहिले जावे.