क्लच घसरतो तेव्हा

गाडी गॅरेजात घेऊन येणारा माणूस 'क्लच गेला' असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, 'इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी ओढत नाही.' आयुष्यभर शब्दांशी झटापट करणाऱ्या माझ्यासारख्याला हेवा वाटावा इतके हे वाक्य नेमके आहे. क्लच घसरणे म्हणजे तेच. इंजिनाचे फेरे वाढतात, आवाज वाढतो, पेट्रोल जळते आणि चाकांपर्यंत त्यातले काहीच पूर्ण पोचत नाही. पाठोपाठ जळका, उग्र वास येतो. तो वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही.

नवलाची गोष्ट अशी, की ओझ्याची जीप वा एसटीची बस वर्षानुवर्षे एका प्लेटवर चालते, आणि जिला ताकदीची राणी म्हणावे त्या स्पोर्ट्स कारची प्लेट मात्र पुष्कळदा लवकर जळते. बलदंडाने पहिल्याच चढाला दम टाकावा, तसे हे झाले. याचे उत्तर गाडीच्या पुस्तकात आहेच, पण मला ते इतिहासात जास्त चांगले सापडते.

आधी यंत्राबद्दल दोन शब्द. इंजिन सतत फिरत असते आणि चाके कधी थांबलेली, कधी फिरती. या दोघांची गाठ घालायची आणि हवी तेव्हा सोडायची, एवढेच क्लचचे काम. इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक म्हणजे फ्लायव्हील. त्याच्यावर स्प्रिंगच्या जोराने प्रेशर प्लेट दाबलेली असते आणि दोघांच्या मध्ये क्लचप्लेट चिमटीत धरलेली असते. पाय दाबला की चिमटी सुटते, पाय उचलला की पुन्हा बसते. सुटणे आणि बसणे यांच्या मधल्या क्षणात प्लेट घासते. ते घासणे दोष नव्हे. त्याच्यावाचून गाडी धक्का न देता हलणारच नाही. प्लेटचे आयुष्य ठरते ते हा मधला क्षण किती लांबला यावर.

१८८६ सालच्या कार्ल बेंझच्या गाडीत असा क्लच नव्हता. पिठाच्या गिरणीत असतो तसा पट्टा एका मोकळ्या चाकावरून पक्क्या चाकावर सरकवला की गाडी निघे. पुढे शंकूच्या आकाराचा क्लच आला. एका पोकळ शंकूत दुसरा शंकू जाऊन बसायचा, आणि आतल्या शंकूवर चक्क चामडे गुंडाळलेले असायचे. चामडे कोरडे पडले की गाडी हिसका देऊन निघे. मग त्याला एरंडेल किंवा तसलेच तेल पाजायचे. तेल जास्त झाले की क्लच घसरे. त्यावर त्या काळच्या युरोपातल्या चालकांचा इलाज ऐकण्यासारखा आहे. ते चामड्यावर मुलतानी मातीची पूड भुरभुरत! आपल्याकडे जी माती चेहऱ्याला लावतात, केस धुवायला घेतात, तीच तिकडे मोटारीच्या पोटात जाई. माती तेल शोषून घेई आणि क्लच पुन्हा पकडू लागे. मोटारीची पहिली दुरुस्ती अशी घरगुती औषधांवर भागत होती.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्याच देखरेखीखाली सरकारी बससेवा सुरू झाली, सत्तावीस बसगाड्यांनिशी. त्यात स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या गाड्या होत्या. त्या पिढीतल्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये आजची सोय नव्हती. गिअर बदलताना क्लच एकदा दाबून गाडी न्यूट्रल करायची, पाय उचलायचा, इंजिनाचे फेरे जुळवायचे, पुन्हा दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. याला जुने ड्रायव्हर 'डबल क्लच' म्हणत. चुकले की गिअरबॉक्स असा खडखडाट करी की मागच्या बाकावरचे म्हातारे कोतारेही जागे व्हावेत. या कष्टाचा एक फायदा मात्र होता. ज्याला इंजिन आणि चाके यांचा मेळ कानाने कळतो तो प्लेटला विनाकारण घासत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, लाल गाड्या आल्या, तरी घाटात 'डबल क्लच' मारणारे हात आणि पाय तेच राहिले.

घाटाचा उल्लेख आलाच आहे. बालाघाटाच्या कडेने आपला जिल्हा वसला आहे. सोलापूरकडून तुळजापूरला येताना चढ, येडशीला चढ-उतार. आणि क्लचच्या झिजेवरचा पहिला मोठा उपाय चढ-उतारातच सुचला, फक्त तो प्रदेश इंग्लंडमधला होता. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात हर्बर्ट फ्रूड नावाचा गृहस्थ राहत होता. सांगतात, की उतारावर घोडागाडीवाले जुन्या बुटाचा तळ चाकावर दाबून वेग आवरतात हे त्याने पाहिले, आणि याहून बरे काही करता येईल असे त्याच्या मनात आले. १८९७ पासून तो घर्षणाच्या पट्ट्यांचे प्रयोग करू लागला. आधी कापूस आणि राळ वापरली, पण उष्णतेने कापूस करपे. मग १९०८ च्या सुमारास त्याने अॅस्बेस्टॉस आणला. हे दगडातून निघणारे सूत, न जळणारे. फ्रूडने आपल्या आडनावाची अक्षरे फिरवून, त्यात पत्नी एलिझाबेथचे 'ई' मिसळून कंपनीला नाव दिले फेरोडो. आमच्या कवींच्या टोपणनावांपेक्षा हे नाव जास्त टिकले. जगभरच्या ब्रेक आणि क्लचच्या पट्ट्यांवर ते छापले गेले.

चामडे गेले, न जळणारी पट्टी आली. मग प्लेट जळायची का थांबली नाही? कारण पट्टी बळकट झाली त्याबरोबर इंजिनेही बळकट झाली. इथे स्पोर्ट्स कारचे गणित येते. गाडी जागेवरून हलवताना इंजिनाचे फेरे कायम ठेवले, तर गाडीला मिळालेल्या गतिज ऊर्जेइतकीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. गाडीच्या वाट्याला निम्मी, प्लेटच्या वाट्याला निम्मी. आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साध्या गाडीचा पहिला गिअर आखूड असतो; ताशी सात-आठ किलोमीटरला चाके इंजिनाशी जुळतात आणि घासणे संपते. स्पोर्ट्स कारचा पहिला गिअर लांब, वेगासाठी घडवलेला. तिथे हा मेळ दुप्पट वेगाला बसला, तर त्याच वजनाच्या गाडीत उष्णता चौपट होते. म्हणजे जी गाडी महामार्गावर वाऱ्याशी बोलते, तिलाच गर्दीत पावलापावलाने चालणे सगळ्यात महाग पडते.

आपल्याकडे स्पोर्ट्स कार झाल्याच नाहीत असे कोणी समजू नये. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्सने 'स्टॉर्म' नावाची दोन आसनांची छोटी गाडी काढली, इंजिन रेनॉचे. अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सने जुन्या इंग्रजी धाटणीची उघडी रोडस्टर बांधली. २०१२ च्या दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात दिलीप छाब्रिया यांची 'अवंती' आली. तिचेही इंजिन रेनॉचे, आणि ते आसनांच्या मागे बसवलेले. या गाड्या थोड्याच निघाल्या. पण परदेशी असो की देशी, अशी गाडी नवरात्रात तुळजापूरच्या घाटात आणून पाहा. पायी चालत आलेले भाविक, पुढे रखडलेल्या जीपा, आणि हंगाम लागला असेल तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. चालक हँडब्रेक लावत नाही. अर्धा क्लच धरून गाडी चढावर तोलत राहतो. चाके जागची हलत नाहीत आणि इंजिनाची सगळी ताकद त्या चिमटीत उष्णता होऊन मुरते. मधला क्षण मिनिटांचा होतो. प्लेटवर झिजायला, दोन्ही बाजू धरून, जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडी असते. त्याखाली रिबिटांची डोकी. तेवढी संपली की धातूवर धातू.

सगळा दोष पायाचाच असतो असेही नाही. इंजिनाच्या मागच्या सीलमधून तेल झिरपले तर नवी प्लेटही घसरते, आणि आता तिथे मुलतानी माती चालत नाही. पेडलला मोकळी चाल उरली नाही, तर पाय उचलला तरी चिमटी पूर्ण बसत नाही. हौशी मालक इंजिनाची ताकद वाढवून घेतात आणि क्लच जुनाच ठेवतात. शर्यतीच्या गाडीत धातूची किंवा सिरॅमिकची पट्टी घालतात. ती घसरत नाही, पण बाजारपेठेत अशी गाडी प्रत्येक सिग्नलला बकऱ्यासारखी उडी मारते. तरीही माझ्या मते, डावा पाय पेडलवर विसावा घ्यायला ठेवायची सवय ही बाकी सगळ्या कारणांची आई आहे.

आता या इतिहासाच्या काळ्या बाजूकडे येतो. झिजलेली पट्टी जाते कुठे? तिची पूड होते आणि क्लचच्या कवचात साठते. गिअरबॉक्स उतरवला की ती काळी धूळ समोर असते. पट्टी अॅस्बेस्टॉसची असेल, तर त्या धुळीत त्याचे तंतू असतात. उष्णतेने बरेचसे तंतू निकामी होतात, सगळे होत नाहीत. इंग्लंडमध्ये रॉचडेल इथल्या टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात अॅस्बेस्टॉस कातणारी नेली केर्शॉ ही कामगार बाई १९२४ साली तेहतिसाव्या वर्षी फुफ्फुसे निकामी होऊन वारली. कंपनीने जबाबदारी नाकारली. पण तिच्या आजाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली, आणि त्यातून १९३१ चे इंग्लंडमधले नियम आले. पुढे फ्रूडची फेरोडो त्याच टर्नर घराण्याच्या उद्योगसमूहात सामील झाली. या समूहाची भारतातली शाखा, हिंदुस्थान फेरोडो, १९५० च्या दशकात मुंबईत घाटकोपरला उभी राहिली. तिथल्या काही कामगारांनी कित्येक वर्षांनी, श्वास अपुरा पडू लागल्यावर, विलायतेतल्या निधीकडे भरपाईचे दावे केले. हा आजार वीस-तीस वर्षे वाट पाहतो, तेव्हा दार ठोठावतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी या प्रश्नावर निकाल दिला. अॅस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याची नोंद चाळीस वर्षे ठेवावी, आजार सिद्ध झालेल्याला एक लाख रुपये द्यावेत, असे त्यात आहे. निकाल मोठा होता. पण नोंद ठेवायला आधी नोंदवही लागते. धाराशिवच्या वा सोलापूरच्या रस्त्याकडेच्या गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली पाने पुसणाऱ्या पोराचे नाव कुठल्या वहीत असते? मोटार दुरुस्तीच्या धंद्यात मुसलमानांचे प्रमाण मोठे आहे, हे सच्चर समितीने २००६ साली नोंदवले. शाळा सुटली की गॅरेज, हा आमच्या मोहल्ल्यातला जुना रस्ता आहे. ते पोर कवच उघडते आणि आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवते. हवा नसेल तर तोंडाने फुंकते. इंग्लंडने अॅस्बेस्टॉसवर १९९९ मध्ये पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे त्याच्या खाणींना आळा बसला, आयात आणि वापर मात्र चालू राहिला. मोठ्या कंपन्यांनी बिनअॅस्बेस्टॉसच्या पट्ट्या आणल्या. जुन्या प्लेटला स्वस्तात लायनिंग मारून घेणारा गिऱ्हाईक मात्र ती कशाची आहे हे विचारत नाही.

क्लचचे पेडल आता हळूहळू नाहीसे होत आहे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओतून यंत्रानेच क्लच दाबण्याची सोय आपल्याकडच्या स्वस्त मोटारीत आली. तिच्यातही प्लेट असतेच आणि झिजतेही. एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली होती. त्याच मार्गावर, त्याच तारखेला, २०२२ साली विजेवरची 'शिवाई' धावली. तिला क्लचच नाही. पण रस्त्यावरच्या लाखो जुन्या गाड्यांत तो आहे, आणि त्यांच्या प्लेटा अजून बरीच वर्षे गॅरेजात उघडल्या जातील. ती धूळ फुंकायची नसते. ओल्या फडक्याने पुसायची आणि फडके पिशवीत बांधून टाकायचे. त्याला पाणी आणि एक फडके, एवढाच खर्च येतो.